गाडी ठणठणीत आहे, असं मी सांगितलं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, आणि जिच्याबद्दल हे आहे त्या ललिताजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझ्या घरातले नाही. याहून चांगलं कारण असेल कदाचित — मी शोधलेलं नाही.

एक आधीच सांगून ठेवते. यात कुणी मेलं नाही, कुणाचा हातपाय मोडला नाही. शेवटी तुम्ही म्हणाल, एवढंच? म्हणा. इतकी वर्षं मीही स्वतःला तेच विचारत आले : एवढंच ना? मग घशाखाली का उतरत नाही?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही बेळगावकडचे. लग्नानंतर बंगळूरला आलो आणि जयनगरात राजण्णांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, एका कारखान्यात टेस्टिंगला होते. तयार झालेले सर्किट बोर्ड माझ्या टेबलावर यायचे. मी तपासायची आणि पास की नापास ते सांगायची. शंका असेल तर बोर्ड बाजूला ठेवायचा, पास करायचा नाही — नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी हे शिकवायची. जरा दरडावूनच शिकवायची.

गाडीची कामं मी घरीच करत असे. ऑइल बदलणं, प्लग साफ करणं, ब्रेकचे पॅड बदलणं. रविवारी सकाळी आंघोळीच्या आधी जुना पंजाबी ड्रेस घालून मी कंपाउंडमध्ये गाडीखाली शिरले, की गल्लीतल्या पुरुषांना गेटाशी काहीतरी काम निघायचं. राजण्णा तर खुर्चीच टाकून बसायचे. "अक्का, स्वल्प जपून, गाडी अंगावर येईल," असं दर रविवारी म्हणायचे. माझा नवरा अरविंद वरून ओरडायचा, "त्या गाडीचं झालं की आपला पंखा बघ, महिनाभर कुरकुरतोय." सगळे हसायचे. मीही हसायची. पण मनातल्या मनात हिशेब ठेवायची, कोण किती वेळा हसला त्याचा. तो हिशेब नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं, म्हणून सांगते.

मग इंजेक्शनची इंजिनं आली, आणि आम्हीही तसलीच नवी गाडी घेतली. जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर उघडता यायचा, स्क्रू फिरवून कानाने ऐकता यायचं. नव्या गाडीत कानाला कामच उरलं नाही. इंजिनात पेट्रोल किती सोडायचं ते एका डबीतला संगणक ठरवणार. काही बिघडलं, तर कुठे बिघडलं याची खूणही तोच स्वतःजवळ साठवून ठेवणार. ती खूण वाचायची तर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जायचं, काचेच्या अलीकडे सोफ्यावर बसायचं आणि कोट घातलेला मुलगा बाहेर येऊन जे सांगेल ते ऐकून घ्यायचं. मला ते पटेना. गाडी माझी, आणि तिला काय होतंय ते मला कळायचं नाही?

म्हणून ती खूण घरच्या घरी वाचायची सोय करायचं मी ठरवलं. आता हे काम कुणालाही जमतं, फोनवर होतं. तेव्हा निवडच अवघड होती. हातात धरायचं तयार यंत्र मिळायचं, पण अमेरिकेत. अरविंदचा मावसभाऊ आणून द्यायला तयार होता. पण ते तिकडच्या गाड्यांसाठी बनवलेलं. स्टिअरिंगखालचं सॉकेट इकडेतिकडे सारखंच दिसायचं, आतली बोली मात्र वेगळी. आमच्या कारखान्यातल्या एकाने हौसेने आणवलं होतं, ते त्याच्या कपाटात पडून होतं. मी तो पर्याय सोडला. राहिला दुसरा : जुना लॅपटॉप घ्यायचा, त्यात सॉफ्टवेअर टाकायचं आणि मधला इंटरफेस आपण बनवायचा. इंटरफेस म्हणजे दुभाषी. गाडी एकाच तारेवरून बोलते आणि ऐकते, लॅपटॉपला बोलायची तार वेगळी आणि ऐकायची वेगळी लागते. दोघांची गाठ घालून देणारी ती डबी. सर्किट मी सायबर कॅफेत बसून इंटरनेटवरून उतरवून घेतलं, चिकपेटच्या पलीकडे एस. पी. रोडवर सुटे भाग घेतले, आणि साबणाच्या डबीत बसवून सोल्डर केलं. घरी बनवलेल्या वस्तूचं एक बरं असतं — बिघडली तर कुठे हात घालायचा ते आपल्याला माहीत असतं. हा निर्णय बरोबर होता. आजही तोच घेईन.

सॉफ्टवेअरची गोष्ट वेगळी.

दोन मिळाली होती, दोन्ही फ्लॉपीवर. पहिलं अगदी रूक्ष. काळा पडदा, पांढरे आकडे. गाडीला काय विचारलं आणि गाडी काय म्हणाली, ते जसंच्या तसं एकाखाली एक. गाडी काहीच बोलली नाही तर तसं स्पष्ट यायचं : उत्तर नाही. दुसरं देखणं होतं. गोल डायल, हलणाऱ्या सुया — इंजिनचा वेग, तापमान, सगळं. आणि खाली एक पट्टी. गाडीत दोष सापडले तर लाल, नाही तर हिरवी, मधोमध दोषांचा आकडा.

टेस्टिंगमध्ये काम करणाऱ्या बाईने यातलं कुठलं घ्यावं? विचारायलाच नको. मी दुसरं घेतलं. स्वतःला सांगितलं की सुया वाचायला सोप्या, वेळ वाचतो. खोटं. काळ्या पडद्यावरचं मला एकटीलाच कळलं असतं, आणि मला ते गेटाशी उभ्या असलेल्यांना कळायला हवं होतं.

कळलंही. पहिल्या रविवारी मी लॅपटॉप बॉनेटवर ठेवला, केबल आत सॉकेटला लावली, इंजिन सुरू केलं आणि सुई झपकन वर चढली. राजण्णा खुर्चीतून उठले. "एनक्का, कारिगे टीव्ही हाकिदीरा?" गाडीला टीव्ही बसवला का म्हणून विचारत होते, पण या वेळी चेष्टा नव्हती. मी ॲक्सिलरेटर दाबला, सुई पळाली. मी टेंपरेचरच्या सेन्सरची वायर काढली, पट्टी लाल झाली, आकडा एक. वायर लावून खूण पुसली, पट्टी हिरवी. त्या दिवशी कुणी हसलं नाही. दुपारी अरविंदने पंख्याबद्दलही काही काढलं नाही. कसं वाटलं सांगू? फार छान वाटलं. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

आता ललिता.

ललिता माझी धाकटी नणंद. आमच्यापासून दोन ब्लॉक पलीकडे राहायची. तिचा शाळांच्या गणवेशांचा धंदा होता. चिकपेटमधून कापड उचलायचं, यशवंतपूरला एका शेडमध्ये शिवून घ्यायचं आणि शाळांना पोचवायचं. एकटीने उभा केला होता. सुरुवातीला रिक्षाने हिंडायची, मग धंद्याच्याच कमाईतून गाडी घेतली. माझ्यासारखीच नवीन इंजिनाची, पण दुसऱ्या कंपनीची. चिकपेटच्या तोंडाशी, जिथे हातगाडीला वाट काढता येत नाही, तिथून ती मागची सीट आडवी करून कापडाचे गठ्ठे भरून रिव्हर्समध्ये बाहेर यायची, एका हाताने हमालाला पैसे देत. मी बघितलं आहे.

तिची गाडी बंद पडायला लागली. रोज नाही. तासभर गर्दीतून चालवून इंजिन तापलं, आणि वेग कमी केला, की अचानक गप्प. परत चावी फिरवली की सुरू. वर्कशॉपवाल्यांनी एक फेरी मारून बघितली आणि मॅडम, क्लच सोडताना घाई होते तुमची, असं सांगून परत पाठवलं. तिचा नवरा विलासराव रविवारी गाडी घ्यायचा, देवळात नाही तर बाजारात, थंड इंजिनावर. त्याच्याकडे कधीच बंद पडली नाही. मग काय? घरात विषयच झाला. "बायकांचा पाय क्लचवर आणि मन भाजीवर," असं विलासराव जेवताना म्हणायचा आणि सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचा. तो वाईट माणूस नव्हता. विनोदी होता. ज्याच्यावर विनोद होतो त्याला काय होतं हे त्याला कळत नव्हतं, इतकंच.

एका संध्याकाळी ललिता माझ्याकडे आली. कट्ट्याला टेकून उभी राहिली, चहासुद्धा घेतला नाही. "वहिनी, तू लाव की तुझं ते मशीन माझ्या गाडीला. माझं चुकत असेल तर चुकतंय म्हण, मी ऐकून घेते. पण एकदा कुणीतरी गाडीला विचारा तरी. सगळे मलाच विचारायलेत."

आणि विलासराव? त्याने लगेच मान्य केलं. "तुमचं मशीन जे सांगेल ते आपल्याला कबूल, वहिनी. त्याला काय, ना बाई ना बुवा." दोष निघाला तर वर्कशॉपशी तो स्वतः भांडणार होता. हे लक्षात घ्या. मी जे सांगेन ते त्या घरात चालणार होतं. एवढं वजन माझ्या शब्दाला त्याआधी नव्हतं, त्यानंतरही कधी आलं नाही.

रविवार. कंपाउंडमध्ये ललिताची गाडी. राजण्णा, गल्लीतले दोघेतिघे, अरविंद, विलासराव हाताची घडी घालून. ललिता ड्रायव्हरच्या दाराशी, दार धरून. मी केबल लावली. इंजिन सुरू केलं. लॅपटॉपवर डायल आले, पट्टी हिरवी, आकडा शून्य.

"शून्य!" राजण्णांनी मोठ्याने वाचलं.

आणि मी इंजिनच्या वेगाची सुई बघितली. तीही शून्यावर होती.

थांबा, हे नीट सांगते, कारण इथेच सगळं आहे. इंजिन चालू होतं. बॉनेटवर हात ठेवला तर थरथर कळत होती. आणि पडदा सांगत होता की इंजिनचा वेग शून्य. याचा अर्थ एकच होतो. लॅपटॉप आणि गाडी यांचं बोलणंच झालेलं नव्हतं. या गाडीचा संगणक वेगळा, त्याला हाक मारायची पद्धत वेगळी, माझ्या सॉफ्टवेअरची हाक त्याला कळलीच नव्हती. ती हिरवी पट्टी म्हणजे निकाल नव्हता. सॉफ्टवेअर उघडल्यावर ती आपोआप हिरवीच असायची. केबल खिडकीच्या गजाला बांधली असती तरी शून्यच दोष आले असते.

मला हे कळायला किती वेळ लागला? वेळ लागलाच नाही. माझं रोजचं काम होतं ते.

काय बोलायचं होतं मी? "या गाडीला माझं मशीन लागत नाही. मला काही कळलेलं नाही." दोन वाक्यं. काय झालं असतं? विलासराव हसला असता. राजण्णांनी खुर्ची आत नेली असती. अरविंदने पंखा काढला असता. आठवडाभर चेष्टा झाली असती, पुढच्या रविवारी मी ते काळ्या पडद्याचं सॉफ्टवेअर लावून बघितलं असतं. झालं. यापलीकडे काहीही गेलं नसतं माझं.

मी लॅपटॉपचं झाकण खाली केलं — कुणाचं लक्ष सुयांकडे जायच्या आत — आणि म्हणाले, "गाडी ठणठणीत आहे."

विलासराव टाळ्या पिटत नाचला वगैरे नाही. उलट जरा ओशाळल्यासारखा झाला, बायकोकडे बघून म्हणाला, "जाऊ दे गं, जमेल हळूहळू." ललिताने दार सोडलं. माझ्याजवळ आली आणि हळूच विचारलं, "वहिनी, म्हणजे माझंच चुकतंय?"

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. ती एकटीच होती समोर, बाकीचे गेटाकडे वळले होते. मी केबल गुंडाळत होते. मी तिला म्हणाले, "क्लच पुरता दाबत जा."

एवढं सुचलं मला. तेही वर्कशॉपवाल्याचं, उष्टं.

पुढे काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. काही आठवड्यांनी यशवंतपूरच्या बाजाराजवळ वळताना गाडी बंद पडली. इंजिन बंद पडलं की ब्रेक दगडासारखा घट्ट होतो. गाडी उताराने सरकत एका केळ्यांच्या हातगाडीला लागली. केळी रस्त्यावर, माणसं भोवती, ललिता स्टिअरिंग धरून बसलेली. लागलं कुणालाच नाही. विलासराव रिक्षा करून गेला, केळीवाल्याची भरपाई केली आणि गाडी घेऊन आला. तोवर इंजिन निवलं होतं, रस्ता मोकळा होता; येताना एकदाही बंद पडली नाही. घरी आल्यावर त्याने चावी आपल्या खिशात ठेवली. भांडला नाही, ओरडला नाही. ललितानेही मागितली नाही. का मागेल? स्वतःवरचा विश्वास राहिला होता कुठे? गाडीला विचारून झालं होतं, गाडीने सांगितलं होतं, आणि मध्ये दुभाषी मी होते.

मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? हवं होतं. नाही बोलले. आता बोलले तर, त्या दिवशी का नाही बोललीस, हा प्रश्न येणार होता.

यानंतरचं जास्त वाईट आहे. तुम्हाला वाटलं असेल की झालं सांगून. नाही झालं.

महिनाभर गाडी जवळजवळ उभीच होती, मग विलासरावाने ती माझ्याकडे ऑइल बदलायला सोडली. कामाचा दिवस होता, मी रजा घेतलेली, कंपाउंडमध्ये कुणी नाही. राजण्णा पेन्शनच्या कामाला बँकेत गेलेले. मी काळ्या पडद्याचं ते पहिलं सॉफ्टवेअर लॅपटॉपमध्ये टाकलं आणि केबल लावली. आलं : उत्तर नाही. हाक मारायची पद्धत बदलायची सोय त्यात होती. ती बदलत बदलत गेले. आणि गाडी बोलली. पांढऱ्या आकड्यांची ओळच्या ओळ उमटली. दोष होता. इंजिन किती वेगाने फिरतंय हे संगणकाला सांगणारा जो सेन्सर असतो, त्याचा सिग्नल मधूनमधून तुटत होता. तो तुटला की संगणकाला वाटतं इंजिन थांबलं, आणि तो पेट्रोल बंद करतो.

मी खाली शिरून बघितलं. सेन्सरची वायर एका पत्र्याला घासून घासून सोलली होती. इंजिन तापून वेग कमी झाला, की थरथर वाढायची आणि उघडी तार पत्र्याला टेकायची. म्हणजे ललिता जे सांगत होती — तापल्यावर, वेग कमी केल्यावर — ते शब्द न शब्द खरं होतं.

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? जाऊ दे, तुम्ही काय केलं असतं याच्याशी मला काय करायचंय. मी काय केलं ते सांगते. मी तार जोडली, सोल्डर केली, वर प्लॅस्टिकची स्लीव्ह चढवली आणि पत्र्यापासून लांब बांधून टाकली. संगणकातली खूण पुसली. ऑइल बदललं. हात धुतले. संध्याकाळी विलासराव आला तेव्हा त्याला चावी दिली आणि सांगितलं, "ऑइल फिल्टरपण बदललाय."

मनाशी म्हटलं, दुरुस्त तर केली ना. गाडी चांगली चालायला लागली की आपोआप सगळं जागेवर येईल. ललिता पुन्हा चालवेल, बंद पडणार नाही, विषय संपेल. दोष दुरुस्त झाल्यावर तो होता हे सांगायची गरज काय?

पण चावी कुणाच्या खिशात होती? गाडी आता विलासराव चालवत होता, रोज, गर्दीतून, तापेपर्यंत. आणि ती बंद पडत नव्हती. माझ्या दुरुस्तीने काय केलं ते बघा. पूर्वी तो निदान थंड गाडी चालवायचा, कुणीतरी कधीतरी म्हणालं असतं की तापलेली चालवून बघ. आता ती फटही बुजली. "सहा महिने झाले, माझ्या हातात एकदाही बंद पडली नाही," तो म्हणायचा, आणि ते खरं होतं. ललिताच्या विरुद्ध जो एकमेव पुरावा कमी पडत होता तो मी माझ्या हाताने, सोल्डर लावून, तयार करून दिला.

ललिताने काही दिवस रिक्षाने धंदा रेटला. मग शेड तिथल्याच एका शिवणाऱ्या बाईला देऊन टाकली. विलासरावाच्या शेजारी बसून कुठे जायची तेव्हा मी मागच्या सीटवरून बघायची — गाडी सिग्नलला हळू झाली की ती डॅशबोर्ड धरायची. बंद न पडणाऱ्या गाडीत.

तुम्ही आता म्हणाल, त्या काळी एका बाईला पुरुषांपुढे टिकून राहायचं म्हणजे असं काही होणारच. हे मला नको. कुणी माझ्या वतीने असलं काही बोलू नये. मला टिकायचं होतं हे खरं, आणि त्यासाठी मी दुसऱ्या बाईला पुढे ढकललं हेही खरं. पहिल्याने दुसरं धुतलं जात नाही. विलासरावावरही ढकलू नका. त्याने शब्द दिला होता आणि पाळला. मशीन जे सांगेल ते कबूल, म्हणाला होता, आणि त्याने कबूल केलं. सॉफ्टवेअरवर तर अजिबात नको. सुई शून्यावर दाखवून त्याने मला सगळं सांगितलं होतं. ठणठणीत हा शब्द त्याच्यात कुठेच नव्हता.

आणि हो, मी गाड्या सोडल्या नाहीत. तुम्हाला आवडलं असतं, मी पान्हे बांधून माळ्यावर टाकले असते तर. नाही टाकले. पुढे गल्लीतल्या निम्म्या गाड्या माझ्याकडे यायला लागल्या. मी चांगलं काम केलं, करते. त्या साबणाच्या डबीचं सर्किट मी बऱ्याच जणांना काढून दिलं. पण कुठलं सॉफ्टवेअर घेऊ म्हणून कुणी विचारलं, की मी सांगते, ज्याला "मला कळलं नाही" असं म्हणता येतं ते घ्या. लोकांना वाटतं, काय अनुभवी बाई आहे.

गेल्या महिन्यात ललिताच्या मुलीने, रेवतीने, गाडी घेतली. सगळे जमलो होतो. विलासराव आता फारसा चालवत नाही, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. रेवती आईच्या मागे लागली, "आई, परत शिक की. मी बसते शेजारी."

"नको गं बाई," ललिता म्हणाली, पुरणाच्या पोळीवर तूप वाढता वाढता. "मला नाही ते जमत. उगाच म्हणत नाही, सिद्ध झालंय. तुझ्या मामीने कंप्युटर लावून काढलंय ते." आणि हसली. तिची ती ठरलेली गोष्ट आहे, हातगाडी, केळी, सगळं रंगवून सांगते. सगळे हसले. रेवतीसुद्धा हसली.

मीही हसले. आवाज करून. ताट पुढे केलं, तिने मला तूप वाढलं.

रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आठवड्याने हे लिहायला बसले. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकात देणार आहे. नाव घालून. ललिता तो अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते, जाहिरातींसकट, आणि तिच्याकडे तो माझ्याआधी पोचतो. तिला आधी एकटीला सांगायला हवं होतं हे मला कळतं. समोर बसून सांगायचं धैर्य झालं नाही, म्हणून चारचौघांत सांगते आहे. हेही त्याच खात्यात धरा.

ती काय करेल ते तिचं. मी फोन करणार नाही, समजूत घालायला जाणार नाही, तिने यावं म्हणून वाटही बघणार नाही.

ललिता, त्या रविवारी तुझ्या गाडीबद्दल मला काहीही कळलेलं नव्हतं. दोनेक महिन्यांनी कळलं. सेन्सरची वायर घासली होती, ड्रायव्हरच्या बाजूला, खाली. तू सांगत होतीस तसंच होतं सगळं. तू क्लच पुरताच दाबायचीस.